बॅकअप आमचा आहे, तो उघडायचा हक्कही द्या : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री आणि सचिव,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : फोनच्या बॅकअपमधला स्वतःचा मजकूर पूर्ण आणि उघडता येईल अशा स्वरूपात मिळण्याचा हक्क, आणि तो उघडून देणाऱ्या मुक्त स्रोत साधनांना संरक्षण

महोदय,

२० जानेवारी २०११ पासून या देशात कुणालाही मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्याआधी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात ही सोय सुरू झाली होती. नंबर सुटेल या भीतीने कुणी एका कंपनीला बांधून राहू नये, एवढाच त्यामागचा विचार होता, आणि तो देशाने सहज स्वीकारला. मला त्याच विचाराचा पुढचा टप्पा मागायचा आहे. नंबर आमच्याबरोबर येतो. त्या नंबरवर आलेले मेसेज, कॉलच्या नोंदी, वर्षानुवर्षं साठवलेली नावं, गप्पा आणि त्यातले फोटो एका फोनमधून दुसऱ्यात किंवा एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात येतीलच, याची हमी मात्र आपल्या कायद्यात कुठेही नाही. येतात ते कंपनीने सोय ठेवली असेल तर, आणि तिने ठेवली असेल तेवढेच.

मी सांगलीत राहतो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. रिकाम्या वेळात फोनचे बॅकअप उघडणाऱ्या, त्यांचं स्वरूप बदलून देणाऱ्या आणि त्यात दुरुस्ती करू देणाऱ्या मुक्त स्रोत (म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो अशा) साधनांच्या कामात हातभार लावतो. या साधनांमागे बहुतेक वेळा दोन-चार स्वयंसेवक असतात. त्यांची कुठे जाहिरात नसते. तरी ज्याचा फोन गेला आणि हातात फक्त एक न उघडणारी फाईल उरली, त्याला शेवटी त्यांच्याकडेच यावं लागतं.

आमच्या भागातल्या फोनमध्ये काय असतं, ते आधी सांगतो. अनेक दूध संस्थांमध्ये दूध घातलं की मेसेज येतो : लिटर किती, फॅट किती, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती, दर काय. उसाच्या हंगामात काट्यावरच्या वजनाचा मेसेज येतो. पिकाचं नुकसान झालं तर पीकविम्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते, आणि दिल्याचा पुरावा म्हणून शेतकऱ्याच्या हातात मेसेजमधला एक क्रमांक राहतो. बचत गटाचे हप्ते, बँकेच्या जमा-नावे नोंदी, गॅसच्या टाकीचा नंबर, दवाखान्याची तारीख, सगळं तिथेच. पूर्वी याच्या पावत्या असत आणि त्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवता येत. आता बिलावरून वाद झाला की माणूस फोन पुढे करतो.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नवा फोन घेतला तेव्हा दुकानात ‘सगळं टाकून देतो’ म्हणाले. नावं आली, फोटो आले, मेसेज आले नाहीत. घरी आल्यावर त्याच्या हे लक्षात आलं. तोपर्यंत जुना फोन बदलीत जाऊन पुसलाही गेला होता. दुधाच्या फरकाच्या रकमेवरून त्याचं भांडण सुरू होतं, आणि त्याची बाजू सांगणारं जे काही होतं ते त्याच फोनमध्ये होतं. दुकानदाराने मुद्दाम काही केलेलं नव्हतं. दोन फोनमधली वाटच अर्धी होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा कागदांबरोबर फोनही गेले. ज्यांनी संगणकावर बॅकअप घेऊन ठेवला होता त्यांच्यापुढेही प्रश्न उरलाच, की तो आता कशात उघडायचा?

बॅकअपची फाईल आतून कशी असते, हे धोरण ठरवणाऱ्यांनी एकदा पाहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. अँड्रॉइडवर २०११ च्या आवृत्तीपासून फोन संगणकाला जोडून पूर्ण बॅकअप घ्यायची सोय आली. त्यातून निघालेल्या फाईलच्या सुरुवातीला चार छोट्या ओळी असतात : हा अँड्रॉइडचा बॅकअप आहे, आवृत्ती अमुक, मजकूर दाबून लहान केलाय की नाही, कुलूप आहे की नाही. कुलूप नसलेल्या पहिल्या आवृत्तीत या चार ओळी मिळून २४ बाइट भरतात. ते बाजूला काढून उरलेला भाग पूर्ववत मोठा केला की आत निघते ‘टार’ फाईल, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेलं गाठोडं, जी युनिक्स या संगणक प्रणालीवर काम करणारे गेली चाळीसहून अधिक वर्षं वापरत आहेत. अँड्रॉइडचा कोड खुला असल्यामुळे हे सगळं वाचून काढता आलं आणि ‘अँड्रॉइड बॅकअप एक्स्ट्रॅक्टर’ हे छोटंसं मुक्त साधन तयार झालं. ते बॅकअपची टार करून देतं आणि दुरुस्त केलेल्या टारचा पुन्हा बॅकअपही करून देतं. कंपनीने फाईलची रचना उघड ठेवली तर बाकीचं काम लोक स्वतः करतात, हे इथे स्पष्ट दिसतं.

पुढे ही वाट अरुंद होत गेली. एखाद्या अ‍ॅपचा बॅकअप घेऊ द्यायचा की नाही हे अ‍ॅप बनवणारा ठरवतो, वापरणारा नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपचा मजकूर या संगणकी बॅकअपमध्ये आपोआप येणं बंद झालं. यामागे सुरक्षेचं कारण आहे आणि ते मला मान्य आहे. उघडा फोन कुणाच्या हाती लागला तर त्याने केबल जोडून सगळं उपसून नेऊ नये. पण चोराची वाट बंद करताना मालकासाठी निराळं दार ठेवायला हवं होतं. क्लाउड आणि फोनमधून थेट फोनमध्ये नेणं एवढंच मुख्यतः उरलं. दोन्हींत मजकूर इकडून तिकडे जातो, पण मध्ये थांबवून मालकाला तो आपल्या डोळ्यांनी पाहता येत नाही.

आयफोनची गोष्ट वेगळी आहे. तिथे संगणकावर पूर्ण बॅकअप आजही घेता येतो, आणि त्याला पासवर्ड लावला तर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदीही त्यात येतात. पण बॅकअपचा फोल्डर उघडला तर समोर हजारो फायली दिसतात आणि प्रत्येकीचं नाव ४० आकडे-अक्षरांचं. फाईल फोनमध्ये कुठे होती तो पत्ता घेऊन त्यावरून गणिताने हे नाव काढलेलं असतं. कुठली फाईल कुठली हे सांगणारी यादी एका वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. हे सगळं स्वयंसेवकांनी एकेक धागा सोडवत शोधून काढलं. ‘लिबआयमोबाईलडिव्हाइस’ हा मुक्त प्रकल्प २००७ पासून चालू आहे आणि त्यामुळे लिनक्सच्या संगणकावरही आयफोनचा बॅकअप घेता येतो. २०१६ मध्ये या बॅकअपची रचना बदलली. बदललेल्या रचनेचं पुस्तक कुणी हातात दिलं नाही. लोकांनी ती पुन्हा शोधून काढली.

आणि नोकिया. या देशात एका पिढीचा पहिला फोन नोकियाचा होता. पीसी सूट नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर टाकून लोकांनी बॅकअप घेतले, सीडीवर उतरवून ठेवले. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, ते फोन इतिहासजमा झाले, सूटही मागे पडला. त्या फायली मात्र लोकांच्या कपाटात अजून आहेत. त्यातले मेसेज आणि नावं आज बाहेर काढायची तर ‘एनबीयू एक्सप्लोरर’ हे मुक्त साधन हाताशी असतं, आणि ते असण्याचं श्रेय नोकियाचं नाही, मायक्रोसॉफ्टचंही नाही. कुणीतरी त्या फायलींचे बाइट मोजत बसलं, म्हणून ते आहे. त्या माणसाला कंटाळा आला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अस्वस्थ करतो. एका देशाच्या लोकांच्या आठवणी आणि हिशेब अशा योगायोगावर सोडू नयेत.

‘दुरुस्ती करायची कशाला, जसं आहे तसं हलवा की’, असं कुणी म्हणेल. प्रत्यक्षात जसंच्या तसं हलवलेलं क्वचितच चालतं. आपल्याकडे एकाच माणसाचा नंबर तीन तऱ्हांनी साठवलेला असतो : नुसते दहा आकडे, आधी शून्य लावून, आणि आधी ९१ लावून. काही अ‍ॅप या तिघांना तीन माणसं समजतात आणि एका माणसाशी झालेलं बोलणं तीन ठिकाणी विभागलं जातं. आयफोन मेसेजची वेळ १ जानेवारी २००१ पासून मोजतो, अँड्रॉइड १ जानेवारी १९७० पासून. मधली ३१ वर्षं मिळवायची राहिली तर २०२४ मधला मेसेज १९९३ चा म्हणून दिसतो. दोन जुन्या फोनचे बॅकअप एकत्र केले की प्रत्येक मेसेज दोनदा येतो. हजारो ओटीपी आणि जाहिराती काढून टाकल्याशिवाय कामाचं सापडत नाही. नवरा-बायकोने वापरलेल्या एकाच फोनचा बॅकअप दोघांत वाटायचा असतो. फाईल उघडून, आत हात घालून, नीट लावून पुन्हा बंद केल्याशिवाय यातलं एकही काम होत नाही.

मराठीचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि तो आमच्याशिवाय कुणी सोडवणार नाही. जुन्या फोनमधून नावं ज्या व्हीकार्ड स्वरूपात बाहेर पडतात, त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा नऊ रोमन चिन्हांत लिहिली जाते. ‘आई’ लिहायला १८ चिन्हं लागतात, ‘ज्ञानेश्वर’ लिहायला ९०. एका ओळीत ७६ चिन्हं मावतात, म्हणून ज्ञानेश्वर मध्येच तुटून पुढच्या ओळीवर जातो. वाचणाऱ्या प्रोग्रामला ही तोड जोडता आली नाही, तर नवीन फोनमध्ये त्याचं अर्धंच नाव येतं. इंग्रजीत नाव साठवणाऱ्याच्या वाट्याला हे सहसा येतच नाही, त्यामुळे दूरदेशी बसून साधन लिहिणाऱ्याला हा दोष दिसत नाही. मेसेजचंही असंच. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, देवनागरीचा ७० चा. त्याहून लांब मराठी निरोप तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि काही जुन्या बॅकअपमध्ये तसाच तुकड्यांनी पडून राहतो. ते तुकडे क्रमाने जोडायचं काम साधनाला करावं लागतं.

एक उदाहरण आणखी देतो, कारण ते आमच्या जिल्ह्याशेजारचं आहे. ‘कऱ्हाड’मधला र काही कीबोर्ड सरळ ‘ऱ’ या अक्षराने लिहितात, तर काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आता बॅकअप ‘स्वच्छ’ करणारं एखादं साधन सगळी अदृश्य चिन्हं कचरा समजून काढून टाकतं. इंग्रजी मजकुराचं त्यात काही बिघडत नाही. मराठीत मात्र कऱ्हाडचं ‘कर्हाड’ होतं, तऱ्हाचं ‘तर्हा’ होतं, आणि गोऱ्हे, कऱ्हाडे अशा आडनावांची माणसं शोधून सापडत नाहीत. बंद सॉफ्टवेअरमध्ये असं झालं तर तक्रार करून वाट पाहायची. मुक्त साधनात मी ती ओळ शोधली, बदल सुचवला, तो स्वीकारला गेला, आणि जगभर जिथे कुणी ते साधन वापरेल तिथे कऱ्हाड शाबूत राहील. सरकारने अशा साधनांच्या पाठीशी उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

आता एक गोष्ट जी बायका उघडपणे बोलत नाहीत, पण जाणून आहेत. डेटा हलवायचा तर फोन पासवर्डसकट दुकानात द्यावा लागतो. तो तास-दोन तास, कधी रात्रभर तिथे राहतो. दुकानातल्या संगणकावर बऱ्याचदा चोरून मिळवलेलं महागडं सॉफ्टवेअर असतं. त्यात आणखी काय दडलंय, हे दुकानदारालाही माहीत नसतं. फोटो कुणी पाहिले, कुणी उतरवून घेतले, हे कळायला मार्ग नाही. बहुतेक दुकानदार सचोटीने वागतात, याची मला खात्री आहे. पण एखाद्या बाईची अब्रू समोरच्याच्या सचोटीवर अवलंबून का राहावी? घरातल्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालणारं, ज्याचा कोड कुणालाही तपासता येतो असं साधन मराठीत उपलब्ध असेल, तर हे काम तिच्या मुलीला घरी बसून करता येईल.

सरकार स्वतः फोन वाटतं, हेही लक्षात घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल कार्यालयांत नेऊन परत केले. त्यांच्या मागण्या रास्त होत्या. असा फोन परत करणाऱ्या किंवा बदलून घेणाऱ्या बाईला तिने गोळा केलेल्या नावांची, निरोपांची, फोटोंची प्रत स्वतःजवळ ठेवता यायला हवी. सरकारी फोन आणि सरकारी अ‍ॅप खरेदी करताना ‘बॅकअपची रचना जाहीर असेल’ ही एक अट निविदेत घालायला तर कायदाही बदलावा लागत नाही. सरकारने खुल्या मानकांचं धोरण २०१० मध्येच केलं आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं २०१५ मध्ये. ती दोन्ही धोरणं इथे लावा, एवढंच मागणं आहे.

कायद्याकडे येतो. डेटा संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला, त्यात स्वतःचा डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकातही तो होता, कलम १९ म्हणून. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं. नोव्हेंबरमध्ये नवा मसुदा आला, त्यात हा हक्क नव्हता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही तो नाही. कलम ११ खाली मला काय मागता येईल? माझ्या डेटाचा सारांश. दुधाच्या मेसेजचा सारांश घेऊन शेतकऱ्याने काय करायचं? त्याला तारीखवार, जसाच्या तसा मजकूर हवा आहे. कलम १४ ने आपल्या पश्चात हक्क बजावणारा माणूस नेमता येईल, ही या कायद्यातली खरोखर चांगली तरतूद आहे. पण नेमलेल्या मुलीला आईच्या मेसेजपैकी मिळणार काय, तर पुन्हा सारांशच.

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २० ने नागरिकाला स्वतः दिलेला डेटा सुसूत्र, सर्रास वापरात असलेल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागता येतो. आपल्याकडेही हे नवीन नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचे नियम केले, २०२१ मध्ये ती व्यवस्था सुरू झाली, आणि आज खातेदाराच्या संमतीने त्याच्या बँकेतल्या नोंदी दुसऱ्या संस्थेकडे ठरलेल्या स्वरूपात जातात. बँकांना हे जमलं. मग मेसेज आणि गप्पा साठवणाऱ्यांना का जमू नये? व्हॉट्सअ‍ॅपमधली एखादी गप्पा बाहेर काढायची सोय आहे, पण फोटोंसकट काढली तर १०,००० मेसेजपर्यंत आणि फोटोंशिवाय ४०,००० पर्यंत. जी फाईल मिळते तीत साधा मजकूर असतो आणि ती परत अ‍ॅपमध्ये घालता येत नाही. वाचायला ती ठीक आहे. तिच्या भरवशावर अ‍ॅप बदलता मात्र येत नाही.

दोन हरकती घेतल्या जातील. दोन्ही गंभीर आहेत, म्हणून दोन्हींचं उत्तर देतो.

पहिली अशी, की बॅकअप दुरुस्त करता आला तर लोक खोटे मेसेज तयार करून कोर्टात देतील. इथे आमच्याच राज्यातला निकाल उपयोगी पडतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीच्या वादात, उमेदवारी अर्ज कोणत्या वेळी दाखल झाले हे दाखवणाऱ्या चित्रीकरणावरून प्रश्न उभा राहिला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ती चौकट आणखी घट्ट केली. प्रमाणपत्राच्या नमुन्यातच फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, लिहायची जागा आहे आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. मूळ बॅकअपमधलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतं. म्हणजे पुराव्याचं रक्षण मूळ फाईल सीलबंद ठेवण्याने होतं, लोकांना ती वाचता येऊ न देण्याने नाही. खोटेपणा करणाऱ्याकडे आजही साधनं आहेतच. मूळ फाईलला हात न लावता नव्या प्रतीत काम करणं, आणि काय बदललं याची नोंद आपोआप ठेवणं, ही शिस्त मुक्त साधनांमध्ये घालता येते. तिचे मापदंड मंत्रालयाने ठरवावेत. आम्ही ते पाळू.

दुसरी हरकत खासगीपणाची. माझ्या बॅकअपमध्ये तुमचेही मेसेज असतात. खरं आहे. पण ते मेसेज तुम्ही मलाच पाठवलेले आहेत, आणि माझ्या फोनमध्ये मी ते आजही वाचतो. २०२३ च्या अधिनियमानेही स्वतःच्या, घरगुती कामासाठी व्यक्तीने हाताळलेला डेटा आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. मी मागतो आहे तो माझ्या फोनमधला माझा बॅकअप, माझ्या पासवर्डने उघडणारा. कुणाचं कुलूप तोडण्याची मुभा मी मागत नाही. उलट कुलूप भक्कम असावं आणि किल्ली मालकाकडे असावी, अशीच या कामातल्या सगळ्यांची इच्छा आहे. काही अ‍ॅपमध्ये ६४ आकडे-अक्षरांची किल्ली वापरणाऱ्याच्या हाती देण्याची पद्धत आली आहे आणि ती योग्य दिशा आहे. फक्त त्या किल्लीने उघडल्यावर आत काय, कुठे आणि कसं ठेवलंय, हेही जाहीर असावं.

म्हणून आमचं मागणं असं. अधिनियमात दुरुस्ती करून २०१९ च्या विधेयकातला हक्क परत आणा, आणि ‘सारांश’ऐवजी पूर्ण प्रत म्हणा. ती प्रत अशा स्वरूपात असावी की तिची रचना जाहीर असेल आणि दुसऱ्या अ‍ॅपला ती आत घेता येईल. नियमांनी हे होणार नाही, कायदाच बदलावा लागेल, याची मला कल्पना आहे. म्हणून तोपर्यंत जे नियमांशिवायही करता येतं ते लगेच करा. एखादं उत्पादन किंवा अ‍ॅप बंद करताना कंपनीने त्याच्या बॅकअपची रचना प्रसिद्ध करावी, असा सल्ला मंत्रालयाने जारी करावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती कायदेशीर वापरकर्त्याने मिळवायला मुभा आहे. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ, म्हणजे तांत्रिक कुलपांचं संरक्षण, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे. स्वतःचा बॅकअप स्वतःच्या पासवर्डने उघडणारा नागरिक आणि त्यासाठी साधन लिहिणारा प्रोग्रामर यांना ही कलमं कशी लागू होतात, यावर एक पानभर स्पष्टीकरण काढा. एवढ्याने अनेक तरुणांची भीती जाईल. कुठल्या तरी कंपनीची नोटीस येईल म्हणून चांगलं काम जाहीर न करणारे मला माहीत आहेत.

आणि एक काम पुण्यात होऊ शकतं. सीडॅक तुमच्याच मंत्रालयाची संस्था आहे, तिचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात तिचा वाटा मोठा आहे. सीडॅकने भारतीय भाषांतल्या बॅकअपच्या नमुना फायली तयार करून सर्वांसाठी खुल्या कराव्यात. त्यात खऱ्या माणसाचं काही नसावं. बनवलेली नावं, बनवलेले मेसेज, पण सगळ्या अडचणी खऱ्या : तुटलेला ज्ञानेश्वर, अदृश्य जोडचिन्हाचा कऱ्हाड, तुकड्यांतले लांब निरोप, तीन तऱ्हांचे नंबर, मराठीबरोबर कोकणी, कन्नड, उर्दू, तमिळ, सगळं. जगातलं कुठलंही साधन त्या फायलींवर तपासता येईल आणि आमच्या भाषा कुठे मोडतात हे ते लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी दिसेल. जर्मनीने २०२२ मध्ये मुक्त स्रोत पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी उभारला. आपल्याकडे तेवढा मोठा निधी लगेच नको. या चाचणी फायली आणि अशा चार-दोन साधनांची देखभाल करणाऱ्यांना वर्षभराचं मानधन, इतक्याने सुरुवात होईल.

मराठीतल्या नमुन्यांची पहिली खेप आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. मराठी, कोकणी आणि सीमाभागातल्या कन्नड मजकुरासाठी काम करायला माणसं तयार आहेत. मंत्रालयाने सीडॅकमधला एक अधिकारी यासाठी नेमून द्यावा आणि तो कोण हे जाहीर करावं, म्हणजे आम्ही त्यांना भेटायला पुण्याला येऊ.

आपला,
मुक्त स्रोत साधनांवर काम करणारा एक प्रोग्रामर,
सांगली